मित्राच्या घरी मयत झाली: तेरवीच्या आधी काय करायचं आणि तेरवीनंतर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नागपुरात नोकरी करतात, गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे. लहानपणापासूनच्या मित्राच्या मोठ्या भावाने आठ दिवसांपूर्वी आत्महत्या केली. मागे आई, वहिनी, दोन शाळकरी लेकरं आणि साडेचार एकर सोयाबीन-कापूस. विचारणारे मयतीला गेले, पण मित्राजवळ उभं राहून तोंडातून शब्द फुटला नाही. आता मित्र फोन उचलत नाही. "जाऊन बोलू काय? पैसे देऊ का? की त्याला थोडं एकटं सोडू?"

तुम्ही "बोलू काय" असं विचारलंय, पण तुमची खरी अडचण वेगळी दिसते. समोरचा "नको" म्हणत असताना, तुम्ही इतक्या लांब असताना, त्याच्या जवळ कसं राहायचं आणि किती दिवस? दुःखात असलेल्या घरांच्या भेटी हेच आमचं काम आहे. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते, मयतीच्या दिवशी शब्द न फुटल्याने काही बिघडलेलं नाही. त्या दिवशी कोण काय बोललं हे घरच्यांना आठवत नाही, कोण आलं होतं तेवढं आठवतं. बिघडतं ते तेरवीनंतर. मंडप निघतो, पाहुणे गाडीत बसतात आणि घरात एकदम कुणी उरत नाही. तुमची गरज तिथून पुढे आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. घरात चुलते, मामा, जुना सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी) असं खंबीर माणूस असेल तर तुमच्या वाट्याला कमी काम येईल, नसेल तर जास्त. रिती घरागणिक बदलतात: कुठे दहावा आणि तेरवी, बौद्ध घरात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, कुठे चाळीसावा. तुम्हाला माहीत असलेली रीत त्यांच्यावर लादू नका, विचारून घ्या. आणि मित्राचा स्वभाव माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

आधी फोनचं. तो उचलत नाही याचा अर्थ तुम्ही नकोसे झालात असा नाही. त्याला पोलीस, तलाठी, पाटील, पत्रकार, मावश्या-मामे सगळ्यांना तेच ते सांगावं लागलंय. फोन वाजला की पुन्हा सांगायची वेळ आली, असं त्याला वाटतं. म्हणून त्याला प्रश्न नसलेला मेसेज पाठवा: "मी रविवारी दुपारी येतोय. तुझ्याजवळ बसतो. बोलावंच असं काही नाही. उत्तर देऊ नको." त्यानंतर आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरवा आणि ती मोडू नका. रविवारी रात्री आठ म्हणजे आठ. तीन वेळा नाही उचलला तरी चौथ्यांदा करा. ठरलेल्या वेळी येणारा फोन अंगावर येत नाही, त्याची सवय होते. अधूनमधून येणाऱ्या दहा फोनांनी ते होत नाही.

तेरवीच्या आधी एकदा जाऊन या. सकाळी पाहुण्यांची ये-जा असते, म्हणून दुपारी चारनंतर जा. छपरीत माणसं बसलेली असतील. मित्राच्या समोर बसू नका, बाजूला बसा. समोर बसलं की त्याला चेहरा सांभाळावा लागतो. भावाचं नाव घ्या. लोक नाव घ्यायचं टाळतात आणि घरच्यांना ते फार लागतं. "संतोषभाऊची लय आठवण येऊन राहिली" एवढं पुरे (नाव इथे नमुन्यादाखल घेतलंय). मग गप्प बसा. पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही तरी चालतं. तासाभराने उठा, आणि उठताना पुन्हा कधी येणार ते तारीख-वारासकट सांगा.

काय बोलू नये हे नीट सांगते, कारण आत्महत्येच्या घरात शब्द जास्त खोल जातात. "कसं झालं?" हे विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल, तेव्हा मधे न बोलता ऐका. "तुमच्या कोणाच्याच लक्षात नाही आलं का?" हा प्रश्न तर चुकूनही नको. घरातलं प्रत्येक माणूस मनात रात्रंदिवस हाच प्रश्न उगाळत असतं. आदल्या दिवशी मी त्याला टोचून बोललो, मी पैसे दिले असते तर, मी त्या दिवशी वावरात गेलो असतो तर. बाहेरच्याने विचारलं की ते आरोपासारखं लागतं. "आता तुलेच पाहा लागते साऱ्या घराकडे, रडू नको" हे वाक्य आपल्याकडे धीर म्हणून म्हणतात. धाकट्या भावाला ते ऐकून रडायची परवानगीच संपल्यासारखं होतं. "देवाची मर्जी" आणि "किती कर्ज होतं?" हेही नको. तो स्वतःला दोष देऊ लागला तर "तुझी काहीच चूक नाही" असं घाईने म्हणून विषय मिटवू नका. "हे तुझ्या डोक्यात रोज येत असेल ना?" एवढं विचारून त्याला बोलू द्या.

रिकाम्या हाताने जाऊ नका, पण हार आणि मिठाईही नको. तेरा दिवस माणसं येत राहतात आणि चहा अखंड चालतो. पंचवीस-तीस कपांना लिटरभर दूध, चारशे ग्रॅम साखर आणि साठ-सत्तर ग्रॅम चहापत्ती लागते. पाच किलो साखर आणि किलोभर चहापत्ती नेली तर बरेच दिवस निघतात. पहिल्या दिवसांत शेजारून पिठलं-भाकर, वरण-भात येतो, ती आपल्या गावांची चांगली सवय आहे. पण तेरवीनंतर डबे बंद होतात आणि घरातल्या बाईला चूल पेटवायचं बळ नसतं. तेव्हाच्या भेटीत दहा किलो दळलेलं पीठ, दोन किलो तुरीची डाळ आणि तेल न्या. पाच माणसांच्या घराला ते पीठ आठवडाभर पुरतं. धान्य नेलं तर दळायला कोण जाणार हा प्रश्न उरतो, म्हणून दळूनच न्या.

"काही लागलं तर सांग" हे वाक्य मनापासून असलं तरी निरुपयोगी आहे. दुःखातल्या माणसाला काय लागतं ते कळत नाही, कळलं तरी मागवत नाही, आणि विदर्भातला शेतकरी तर मागणारच नाही. तुम्हीच काम पाहा, छोटं करा आणि फक्त हो-नाही विचारा: "शनिवारी मी थ्रेशरवाल्याशी बोलू का?"

यावरून शेतीकडे येते, कारण सध्या तिथे घाई आहे. सोयाबीनची पानं गळून शेंगा वाळल्या की सोंगणी (कापणी) लांबवता येत नाही. आठ-दहा दिवस उशीर झाला तर उन्हाने शेंगा तडकून दाणे जमिनीवर पडतात, आणि मधे पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. दुखवट्यातल्या घराचं पीक याच काळात जातं आणि त्यातून पुढचं कर्ज उभं राहतं. पाच-सहा मित्र मिळून मजूर ठरवा आणि एकरी भाव घरच्यांच्या समोर ठरवा, म्हणजे पुढे वाद होत नाही. सोंगलेल्याची गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्रीने झाका. मळणीच्या दिवशी त्यांच्यातलं एक माणूस हजर राहील असं पाहा. पोत्यांची मोजणी त्याच्याकडून करून घ्या आणि वहीत लिहा. बाजारात ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, तेव्हा घाईने ओलं विकू नका, दोन दिवस उन्हात पसरा. कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या सुमारास येईल, त्याचीही अशीच आखणी करा. गोठ्यातल्या बैलांना कुटार आणि ढेप कोण टाकतंय ते पहिल्याच भेटीत विचारा. बैलांकडे जायची हिंमत घरच्यांना होत नाही, कारण वारलेल्या माणसाचा हात तिथे दिसतो.

पैशाचं. द्या, पण उसने म्हणून नको आणि तेरवीसाठी नको. तेरवीचं जेवण मोठं घालायचा दबाव भाऊबंदांकडून येतो आणि ज्या घरात कर्जाने माणूस गेला तिथे पुन्हा कर्ज काढून पंगती उठतात. हे थांबवायचं असेल तर मित्राशी बोलून उपयोग नाही, तो "लोक काय म्हणतील" या कात्रीत आहे. गावातल्या मोठ्या माणसाशी बोला. श्रीगुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना आणि साधं जेवण यावर बरीच घरं कार्यक्रम उरकतात, त्या मंडळाच्या माणसांनी शब्द टाकला तर घरच्यांना सोपं जातं. तुमचे पैसे मळणीची मजुरी, लेकरांची वह्या-पुस्तकं, औषधं अशा नेमक्या कामाला द्या. पुरुषाने एकट्याने तरुण विधवेच्या हातात पाकीट देऊ नये, गावात बोलायला तेवढं पुरतं आणि भोगावं तिला लागतं. सासूच्या समोर द्या.

आता कागद. शिकलेल्या, शहरात नोकरी करणाऱ्या मित्राचा सगळ्यात मोठा उपयोग इथे होतो, म्हणून थोडं लांबवते.

सगळ्याचं मूळ मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर सरळ होते. त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरच्यांची परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. तुमचे आठ दिवस गेलेत. इथे नेहमी होणारी चूक अशी की घरचे गावच्या ग्रामसेवकाकडे खेटे घालतात, पण नोंद होते ती जिथे प्राण गेला त्या ठिकाणी. दवाखान्यात गेला असेल तर त्या शहराच्या नगर परिषदेकडे किंवा दवाखान्याच्या नोंदणीकडे विचारा. नाव आधार आणि सातबाऱ्याप्रमाणे, अक्षरन्‌अक्षर, लिहून घ्या. "रामराव"चं "रामा" झालं की बँकेत, तहसीलमध्ये, सगळीकडे अडतं. सहा-सात प्रती काढा. त्यासोबत पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची प्रत आणि सरकारी दवाखान्यातून शवविच्छेदन अहवाल मागा.

मग गेलेल्या माणसाची सगळी पासबुकं काढा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली पानं पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे. मृत्यू कोणत्याही कारणाने असला तरी वारसदाराला २ लाख मिळतात आणि दावा त्याच बँकेत, शक्यतो ३० दिवसांत करायचा असतो. २० रुपये कापलेले असतील तर तो सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा, इथे लागू होणार नाही. ही ४३६ ची ओळ कुणी वाचत नाही म्हणून कितीतरी घरांचे पैसे तसेच राहतात.

शेतकरी आत्महत्येची सरकारी मदत १ लाखाची आहे: ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. प्रस्ताव तहसीलमधून जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पात्र-अपात्र ठरवते. सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), बँक किंवा सोसायटीच्या थकबाकीचा दाखला, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. जमीन कुटुंबाच्या नावावर नसून ठेक्याने केलेली असेल, किंवा कर्ज फक्त बिनपरवाना सावकाराचं असेल, तर प्रकरण अपात्र ठरण्याचा धोका असतो. घरच्यांना आधीच आशा लावू नका. "अर्ज करू, निकाल काय येतो ते पाहू" असंच सांगा. हेच वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी साप चावून, वीज पडून, शॉक लागून किंवा फवारणी करताना विषबाधा होऊन मृत्यू झाला असेल (२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तसे अनेक मृत्यू झाले), तर त्यांची वाट वेगळी आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह योजनेत २ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत. आत्महत्या त्यात बसत नाही. कुणी "कागदावर अपघात दाखवू" म्हणालं तर त्या वाटेला जाऊ देऊ नका, पुढे दोन्हीकडचं जातं आणि घरावर गुन्ह्याची भीती येते.

वहिनींसाठी संजय गांधी निराधार योजना, महिना १,५०० रुपये, उत्पन्नाच्या अटीसह, अर्ज तहसीलमध्ये. लेकरांसाठी बालसंगोपन योजना, प्रत्येकी महिना २,२५०, महिला व बालविकास कार्यालयाकडून. कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाचे २० हजार. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका. क्रम असा ठेवा: दाखला, पासबुक आणि विमा, मदतीचा प्रस्ताव, निराधार आणि बालसंगोपन, शेवटी वारस नोंद. तुम्ही रजेचा एक पूर्ण दिवस काढून मोटारसायकलवर सोबत गेलात आणि रांगेत उभे राहिलात, तर ते शंभर फोनांच्या बरोबरीचं आहे. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि एका फाईलमध्ये लावून घरी ठेवा.

वारस नोंदीबद्दल तुम्हाला कदाचित अवघड वाटेल असं सांगायचं आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे गेलेल्या माणसाच्या नावावरच्या जमिनीचे वारस आई, बायको आणि लेकरं, सारख्या वाट्याने. भाऊ त्यात येत नाही. "सध्या राहू द्या, नंतर पाहू" म्हणत वर्षं जातात आणि वहिनीचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही. तुमचा मित्र भला माणूस असेल, तरी हे त्याला सुचणार नाही किंवा नकोसं वाटेल. हे त्याला सांगायचं काम त्याच्या मित्राचंच आहे, आणि तो मित्र तुम्ही आहात. महिना-दीड महिन्याने, शांतपणे, एकांतात बोला.

वहिनी आणि लेकरांकडे पुरुष मित्रांचं लक्ष जात नाही, म्हणून तुमच्या घरातल्या बाईला सोबत न्या. दहाव्याला किंवा तेरवीला बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असे प्रकार होतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग ग्रामविकास विभागाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. वहिनींना ते नको असेल तर त्या दिवशी त्यांच्या बाजूला बसलेली एक ठाम बाई पुरते. आधी त्यांना विचारा, त्यांच्या वतीने परस्पर भांडू नका. लेकरांना "बाबा गावाला गेले" असं कुणी सांगत असेल तर थांबवा. शाळेत दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खरं सांगतं. "बाबा मेले. त्यांच्या मनाला फार त्रास होत होता. तुमच्यामुळे झालं नाही" एवढं, घरातल्या जवळच्या माणसाने, जवळ घेऊन सांगावं. तपशील नको.

आता जे टाळता येणार नाही ते. आत्महत्या झालेल्या घरात दुसऱ्या माणसाच्या जिवाला धोका वाढलेला असतो. घरात, गोठ्यात, माळ्यावर उरलेली फवारणीची औषधं आहेत का ते पहिल्याच भेटीत पाहा आणि घरच्यांना सांगून बाहेर काढा. शेजारच्या विश्वासू शेतकऱ्याकडे कुलपात ठेवा, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, रिकामे डबे पाण्याला वापरू देऊ नका. टोकाचा विचार बहुतेकदा थोड्या वेळापुरता अनावर होतो, आणि त्या वेळेला औषध हाताशी नसणं जीव वाचवतं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या ठळकपणे कमी झाल्या, ते याच कारणाने.

मित्र "माझंही काही खरं नाही" असं बोलू लागला, दारू एकदम वाढली, झोप अजिबात लागेना, वस्तू वाटून टाकू लागला, तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येऊन राहिला का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायची वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत बसूनच १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत जा. गावातल्या आशाताईलाही घरावर लक्ष ठेवायला सांगा. इतकं टोकाचं नसेल, पण सहा महिने उलटूनही तो वावरात जात नसेल, जेवण-झोप परतली नसेल, तरी डॉक्टरला दाखवायची वेळ झाली असं समजा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच तारखा टाका: दिवाळी, संक्रांत (हळदीकुंकवाला वहिनींना कुणी बोलावणार नाही), भावाचा वाढदिवस, जूनमधली पेरणी, पोळा, वर्षश्राद्ध. पहिला पोळा शेतकऱ्याच्या घराला दिवाळीपेक्षा जड जातो, बैल सजवायचे कुणी? त्या दिवशी जा. महिन्यातून दोनदा जाणं तुम्हाला झेपत नसेल तर गावातले आणि यवतमाळातले तीन-चार वर्गमित्र मिळून वार वाटून घ्या. एकाने सगळं अंगावर घेतलं की तो दोन महिन्यांत थकतो आणि यायचाच बंद होतो.

मेसेज आज पाठवा. आणि गावातल्या ज्या मित्राचं वावर त्यांच्या वावराला लागून आहे, त्याला संध्याकाळच्या आत फोन करून सोयाबीन कुठवर आलं ते विचारा. शेंगा वाळल्या असतील तर तेरवी होईपर्यंत थांबता येणार नाही, मजुरांचं याच आठवड्यात पाहावं लागेल.